वाटी झिजली म्हणजे नेमकं काय झिजलं?

पत्र

वय ५३, वजन ७२ किलो, उंची ५ फूट १ इंच. साताऱ्यात राहते. आठ वर्षं रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालत जाते. गेल्या पावसाळ्यापासून उजवा गुडघा दुखतो. चढताना काही नाही, उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ येते. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत गुडघा सुजतो. जिना उतरताना दोनदा पाय अचानक सोडून दिल्यासारखा झाला, पडता पडता वाचले. वाकवला की कटकट वाजतो. सकाळी दहाएक मिनिटं आखडलेला असतो. एक्स-रे काढला तेव्हा सांगितलं, ‘गॅप कमी झालीय, वाटी झिजलीय, वंगण संपत आलंय, पाणीपण झालंय.’ बीपीची गोळी चालू आहे, दुखण्याची गोळी मेडिकलमधून आणून घेते. सासूबाई म्हणतात, चालणं बंद कर. जाऊबाई म्हणतात, त्यांच्या बहिणीसारख्या मिरजेला जाऊन वाट्या बदलून घे. मला माघात दासनवमीला सज्जनगडाच्या पायऱ्या चढायच्या आहेत. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात एक्स-रेपेक्षाही कामाचं एक वाक्य आहे: चढताना काही नाही, उतरताना कळ. एवढ्यावरून दुखणं गुडघ्याच्या कोणत्या भागात असावं याचा बराच अंदाज बांधता येतो. पत्रावरून निदान होत नाही, गुडघा हाताने तपासावाच लागतो. पण तपासायला जाण्याआधी आपल्या गुडघ्यात काय कुठे आहे हे ठाऊक असलं, तर डॉक्टरांपुढे नेमकं विचारता येतं. सासूबाई आणि जाऊबाई या दोन टोकांच्या मधला रस्ताही त्यातूनच दिसेल.

आधी वाटी बघू. कॉटवर पाय लांब करून बसा आणि उजवी मांडी अगदी सैल सोडा. अंगठा आणि पहिल्या बोटाने वाटीच्या दोन्ही कडा धरून तिला डावी-उजवीकडे ढकला. ती सहज सरकेल. आता मांडी आवळा. वाटी वर ओढली जाईल आणि अशी घट्ट बसेल की हलवू म्हटलं तरी हलणार नाही. कारण वाटी मांडीच्या पुढच्या चार स्नायूंतून खाली येणाऱ्या जाड दोरीत मण्यासारखी ओवलेली आहे. मांडी सैल तर वाटी सैल, मांडी आवळली की वाटी पक्की. तिच्या खालच्या टोकापासून बोट खाली सरकवत न्या, चार-पाच सेंटीमीटरवर नडगीच्या हाडाचा उंचवटा लागेल. ती दोरी तिथे रोवलेली आहे.

वाटीचं काम काय? ती या दोरीला सांध्यापासून जरा पुढे उचलून धरते. त्यामुळे तेवढ्याच ताकदीत पाय जास्त जोराने सरळ होतो. पण याची किंमत मोजावी लागते. गुडघा वाकलेला असताना मांडीने दोरी ओढली की वाटी मागच्या बाजूला, मांडीच्या हाडावरच्या खाचेत दाबली जाते. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितका दाब जास्त. सपाट रस्त्यावर चालताना हा दाब साधारण निम्म्या वजनाएवढा असतो, जिन्यावर सुमारे तिप्पट आणि उकिडवं बसताना सात-आठ पटींपर्यंत जातो. तुमच्या ७२ किलोंच्या हिशेबाने बघा: सपाटीवर ३६ किलो, जिन्यावर दोनशेच्या वर, उकिडवं बसताना पाचशेच्या वर. म्हणूनच वाटीच्या पाठीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत, लवचीक थर, शरीरातली सगळ्यात जाड, पाच-सहा मिलिमीटरपर्यंत भरते.

मग चढताना का दुखत नाही? चढताना आपण नकळत कमरेतून पुढे झुकतो, त्यामुळे नितंबांचे मोठे स्नायू कामाचा मोठा वाटा उचलतात. उतरताना धड मागे राहतं, गुडघा पुढे जातो आणि शरीराचं सगळं वजन हळूहळू खाली सोडण्याचं काम एकट्या मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतं. तो स्नायू आखडता आखडता नव्हे, लांब होता होता वजन पेलतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. यवतेश्वरचा घाट चढताना इंजिन तापतं आणि उतरताना ब्रेक तापतात, तसंच हे. हा ब्रेक कमजोर झाला की पाऊल हळू टेकण्याऐवजी आदळतं आणि वाटी खाचेत नीट मधोमध न सरकता एका बाजूला घासत जाते. तुमची कळ बहुधा तिथली आहे.

बहुधा म्हणायचं कारण, गुडघ्यात सांधा एक नाही. वाटी आणि मांडीचं हाड हा एक. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड हा दुसरा, तोच मोठा, वजन पेलणारा. (पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड या सांध्यात येतच नाही.) खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवा. वाटीच्या खाली, दोरीच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे लागतील. त्या खळग्यांतून आत आणि बाहेर जाणारी रेष ही मोठ्या सांध्याची फट. आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे तोंड केलेल्या बाजूला, या रेषेवर दाबल्यावर ठसठसलं तर झीज मोठ्या सांध्यातही असू शकते. आपल्याकडे पाय धनुकलीसारखे बाहेर वळत जातात ते या आतल्या बाजूच्या झिजेमुळे. आरशासमोर घोटे जुळवून उभ्या राहा आणि दोन गुडघ्यांत किती अंतर पडतं ते मोजून ठेवा. वर्षभराने पुन्हा मोजायला उपयोगी पडेल.

आता वंगण. तुम्हाला एकाच दमात ‘वंगण संपत आलंय’ आणि ‘पाणी झालंय’ असं सांगितलं गेलं. गंमत अशी की दोन्ही गोष्टी एकाच द्रवाच्या आहेत. सांध्याच्या पिशवीला आतून एक पातळ अस्तर असतं, ते हा द्रव तयार करतं आणि शोषूनही घेतं. निरोगी गुडघ्यात तो जेमतेम दोन-चार मिलिलिटर असतो, चहाचा चमचाही भरणार नाही एवढा. अस्तर चिडलं की ते जास्त द्रव सोडतं, पण तो पातळ असतो. अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकटपणा त्यात राहत नाही. तेव्हा टाकीतलं ऑइल संपलं आणि आता गाडी बंद, असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. अस्तर शांत झालं की द्रव पुन्हा जागेवर येतो.

या द्रवाचं दुसरं काम कोणी सांगत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. कूर्चेला रक्तवाहिनी नसते. तिला अन्न-पाणी मिळतं ते याच द्रवातून. कूर्चा म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज समजा, तिच्यात ७० ते ८० टक्के पाणीच असतं. पाऊल टेकलं की ती दाबली जाते आणि वापरलेलं पाणी बाहेर पडतं, पाऊल उचललं की ताजं आत ओढलं जातं. दाबणं आणि सोडणं, हेच तिचं जेवण. चालणं बंद करून चार महिने खुर्चीत बसलात तर कूर्चा उपाशी राहते, वर मांडी रोडावते आणि वाटी आणखी सैल होते. सासूबाईंना काळजी वाटते ती खरी आहे, सल्ला मात्र उलटा आहे. तुमच्या गुडघ्याला चालणं हवंय, ब्रेक मारणं तेवढं काही आठवडे नकोय.

कूर्चेला मज्जातंतूही नसतात, म्हणजे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते चिडलेलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, वाटीच्या खालची चरबीची गादी, ताणलेल्या दोऱ्या. म्हणूनच एक्स-रेत भयंकर दिसणारा गुडघा कधी कधी अजिबात दुखत नाही, आणि एक्स-रे स्वच्छ असलेला माणूस लंगडतो. एक्स-रेत कूर्चा दिसतही नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, तिलाच सगळे ‘गॅप’ म्हणतात. त्या जागेत कूर्चा आणि मेनिस्कस नावाच्या गाद्या बसलेल्या असतात. तुमचा एक्स-रे झोपवून काढला असेल तर त्या गॅपवर फार भरवसा ठेवू नका. वजन पडल्याशिवाय खरी गॅप कळत नाही. पुढच्या वेळी दोन्ही गुडघ्यांचा उभं राहून एक, आणि गुडघा वाकवून वाटी खाचेत कशी बसते ते दाखवणारा ‘स्कायलाइन’ एक, असे दोन मागा. तुमच्या तक्रारीसाठी दुसरा जास्त कामाचा.

एमआरआय लगेच नको. पन्नाशीनंतर कसलाच त्रास नसणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही मेनिस्कस फाटल्याचं बरेचदा दिसतं. मग रिपोर्टातला तो एक शब्द वाचून माणूस घाबरतो आणि दुर्बिणीने ‘सफाई’ करून घ्यायला तयार होतो. झिजेच्या गुडघ्यात त्या सफाईने टिकाऊ फायदा होत नाही, हे पुरेसं सिद्ध झालेलं आहे.

मेनिस्कस म्हणजे मोठ्या सांध्यातल्या दोन चंद्रकोरी गाद्या. त्या वजन पसरवतात. त्यांच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, म्हणून कडेची फाट भरून येऊ शकते, आतली येत नाही. मेनिस्कसचा तुकडा सांध्यात अडकला तर गुडघा एका कोनात अडकून बसतो, काही केल्या पूर्ण सरळ होत नाही. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही. सकाळचं आखडणं दहा मिनिटांत सुटतं, ते वेगळं. तेच आखडणं तासभर टिकलं किंवा हाताची बोटंही सकाळी आखडू लागली, तर संधिवाताच्या रक्ततपासण्या कराव्या लागतील.

लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, चार: दोन आत एकमेकांना फुलीसारखे ओलांडणारे, दोन बाजूंना. पाय मुरगळून ‘टक’ असा आवाज येणं आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगणं, ही आतलं लिगामेंट तुटल्याची खूण. तुमच्याकडे तसं काही झालेलं नाही. मग जिन्यावर पाय का सोडला? गुडघ्यात पाणी साचलं की मणक्यातून मांडीच्या स्नायूला ‘ढील दे’ असा उलटा निरोप जातो. अवघं २०-३० मिलिलिटर जादा पाणीही वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंद करायला पुरतं. ऐन उतरताना ब्रेक सुटतो तो यामुळे. म्हणून सूज उतरवणं हा पहिला टप्पा आणि व्यायाम दुसरा. सुजलेल्या गुडघ्यावर जोर काढलात तर स्नायू तो जोर घेतच नाही.

कटकट आवाजाचं थोडक्यात: दुखत नसेल तर सोडून द्या.

सुजेसाठी दोन आठवडे असं करा. गड बंद. रोज २० ते ३० मिनिटं सपाटीवर चालणं चालू. उतार नसलेली जागा साताऱ्यात शोधावी लागते हे खरं, पण स्टेडियमचा ट्रॅक आहे, एखादं मैदान आहे. संध्याकाळी रुमालात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं गुडघ्यावर, पाय उशीवर ठेवून. शेक घ्यायचाच असेल तर सकाळी आखडलेला असताना. सूज आणि ऊब असताना शेकू नका.

मेडिकलमधून आणलेली गोळी मात्र आजच थांबवा आणि तिचं पाकीट जपून ठेवा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या बीपी वाढवतात, पोटाचं अस्तर सोलतात आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत, विशेषतः लघवीच्या गोळीसोबत घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा करतात. पाकीट तुमच्या बीपीच्या डॉक्टरांना दाखवा आणि आजवर किती खाल्ल्या ते खरं सांगा. त्याऐवजी १ टक्का डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्याच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना लावा, एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. ३० ग्रॅमची ट्यूब असेल तर ती सात-आठ वेळांत संपली पाहिजे, तेवढी संपत नसेल तर कमी लावताय. गुडघ्यातून रक्तात फार थोडं जातं, तरी बीपीच्या डॉक्टरांना जेलचंही सांगा. लावलेल्या जागेवर लगेच शेकू नका.

पाणी काढावं का? एवढ्या सुजेला बहुधा गरज पडणार नाही. ‘एकदा काढलं की सारखं होतं’ हा समज मात्र चुकीचा. पाणी पुन्हा होतं ते मूळ कारण तसंच राहिल्यामुळे. सुई टोचल्याने होत नाही. गुडघा फारच ताणला असेल किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल तर काढून तपासायलाच लागतं.

आता व्यायाम. पहिले दोन आठवडे फक्त दोन.

कॉटवर बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. टाच किंचित उचलली जाईल. मनात सात-आठ आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हात मांडीवर ठेवून बघा: वाटीच्या वर आतल्या बाजूला एक थेंबाच्या आकाराचा स्नायू फुगला पाहिजे. डाव्या मांडीवर तो पटकन उठेल, उजवीकडे उशिरा आणि मऊ. हा फरक संपेपर्यंत हा व्यायाम सोडायचा नाही.

दुसरा: पाठीवर झोपून डावा गुडघा उभा दुमडा, उजवा पाय आधी मांडी आवळून सरळ करा आणि मग एक फूट वर उचला. पाच मोजा, हळू खाली. दहाचे दोन फेरे. इथे दोन चुका हमखास होतात. मांडी न आवळताच पाय फेकून उचलला जातो, मग सगळं काम कंबर करते. आणि श्वास रोखला जातो, जो बीपीच्या माणसाने रोखायचा नाही. मोठ्याने आकडे म्हणत गेलात की आपोआप रोखला जात नाही.

सूज उतरली की तिसऱ्या आठवड्यापासून कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, दहाचे दोन फेरे, टाच किंचित मागे ठेवून. हा व्यायाम कमरेच्या बाजूच्या स्नायूचा. गुडघ्यासाठी कमरेचा व्यायाम कशाला, असं वाटेल. तो स्नायू कमजोर असला की एका पायावर भार आल्यावर गुडघा आत कोसळतो आणि वाटी बाहेरच्या काठावर घासते. सोबत खुर्चीवरून उठ-बस: साधारण दीड फूट उंचीची खुर्ची, हात छातीवर, उठायला एक सेकंद, बसायला तीन सेकंद. धपकन बसलात तर व्यायाम वाया, कारण ब्रेकचा सराव त्या तीन सेकंदांतच आहे. दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पायरी. सुमारे दहा सेंटीमीटर उंचीची पायरी किंवा पक्का पाट, शेजारी भिंतीचा आधार, समोर आरसा. उजवा पाय पाटावर, डावी टाच हळूहळू जमिनीला टेकवायची आणि परत वर. आरशात उजवा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत झुकला की तिथेच थांबा, त्यापुढे मोजत जाऊ नका. आठ ते दहा वेळांचे दोन फेरे जमले की पायरीची उंची वाढवा. उतरण्याची तयारी फक्त हाच व्यायाम करून घेतो. बाकीचे त्याच्या पायाभरणीचे.

किती दुखलं तर चालतं? शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळसारखाच असला पाहिजे. सूज वाढली तर सोडून देऊ नका, निम्मं करा. मांडीला खरी ताकद यायला आठ ते बारा आठवडे लागतात. तीन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारेच जास्त, आणि मग इंजेक्शनकडे वळणारेही.

इंजेक्शनाचं एका परिच्छेदात आटोपतो. स्टेरॉइडने सूज आणि वेदना काही आठवडे उतरतात, तेवढ्या अवधीत व्यायाम केला तर उपयोग. तीन महिन्यांच्या आत पुन्हा घ्यायचं नाही. मधुमेह असेल तर चार-पाच दिवस साखर चढते. ‘वंगणाचं’ महागडं इंजेक्शन घेतल्याने कूर्चा वाढत नाही, आराम मिळाला तर थोडाच. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचे पैसे वाचवून चांगले बूट घ्या.

वजन. चालताना मोठ्या सांध्यावर शरीराच्या अडीच पटींच्या आसपास भार येतो, उतरताना साडेतीन पटींपर्यंत. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी कमी होतो. तुम्ही ७२ वरून ६८ वर आलात तर पावलागणिक सोळा किलो. चालून वजन फारसं उतरत नाही, ते ताटातूनच उतरतं. रात्रीची एक भाकरी आणि चहाबरोबरचं फरसाण, इथून सुरुवात. कंदी पेढा सणाला ठेवा.

घरात दोन गोष्टी बदला. भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणा, उकिडवं बसण्याइतका दाब वाटीवर दुसऱ्या कशाने येत नाही. पूजेला, भाजी निवडायला पाटाऐवजी स्टूल. मांडी घालून कधीच बसायचं नाही असं नाही. सूज नसताना थोडा वेळ बसलात तर बिघडत नाही, वीस मिनिटांनी पाय लांब करा. उठताना सरळ उभ्या उठू नका. एका कुशीला वळा, हात टेका, दुखऱ्या गुडघ्याखाली घडी घातलेली चादर घ्या, चांगला पाय पुढे रोवा आणि कॉटला धरून त्या पायावर उठा.

आणि जाऊबाईंच्या बहिणीच्या वाट्या. त्या ऑपरेशनला सगळीकडे ‘वाटी बदलणं’ म्हणतात, पण त्यात बदलतं ते दुसरंच. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, मध्ये प्लास्टिकचा थर. मूळ वाटी जागेवरच राहते, फार तर तिच्या मागे प्लास्टिकची चकती बसवतात. योग्य माणसाला हे ऑपरेशन उत्तम आहे: रात्री झोप मोडते, पाचशे पावलंही जात नाहीत, पाय वाकडा झालाय, आणि सहा महिने व्यायाम, वजन, औषधं मनापासून करूनही भागत नाही, असा माणूस. तुम्ही रोज गड चढताय. शिवाय बदललेला गुडघा बहुतेकांचा ११० ते १२० अंशांपर्यंतच वाकतो, मांडी घालून बसणं अवघड होतं. ही चर्चा सध्या जाऊबाईंसोबत चहापुरती ठेवा.

मात्र पुढच्यापैकी काही झालं तर व्यायामाच्या नादात थांबू नका. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप किंवा थंडी वाजली तर त्याच दिवशी दवाखाना. सांध्यात जंतू गेले तर कूर्चा काही दिवसांत खलास होते. पडल्यानंतर चार पावलंही टाकता न येणं, गुडघा अडकून सरळच न होणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यांनाही थांबू नका. एक तपासणी बऱ्याचदा राहून जाते, ती कमरेच्या खुब्याची. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. पायात मोजा घालताना किंवा पाय आत वळवताना जांघेत कळ येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि खुब्याचाही एक्स-रे मागा.

अजिंक्यतारा परत कधी? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सूज नसेल तर, डांबरी रस्त्याने चढा आणि खाली गाडीवर या. मुलाला किंवा शेजारणीला वर बोलवा, हसतील थोडे, हसू द्या. पायरीचा व्यायाम दहा सेंटीमीटरवरून वीसवर गेला की निम्मा उतार पायी, मग पूर्ण. उतरताना दोन काठ्या घ्या. चढताना कोपर काटकोनात राहील एवढी लांबी, उतरताना पाच ते दहा सेंटीमीटर जास्त. पावलं छोटी, तीव्र उतारावर नागमोडी. कानात गाणी लावून झपाझप उतरणं बंद, कारण आदळणारी पावलं ऐकू आली पाहिजेत. पाऊल वाजलं, म्हणजे ब्रेक सुटला. तिथेच कठड्यावर बसा.

दासनवमी माघ वद्य नवमीला. दिवाळी नुकतीच झालीय, म्हणजे पंधराएक आठवडे हातात आहेत. आजपासून सुरुवात केलीत तर पुरे. गाडीने वरच्या पायऱ्यांपर्यंत जा, तिथून चढा. चढताना आधी चांगला पाय, डावा. उतरताना आधी दुखरा, उजवा. ऐकायला उलटं वाटतं, पण उतरताना ब्रेक लावतो तो वरच्या पायरीवर मागे राहिलेला पाय, आणि तो चांगला असायला हवा. काठी डाव्या हातात, मूठ मनगटाच्या रेषेइतक्या उंचीवर, आणि ती उजव्या पायासोबतच खाली जाते. दर पायरीवर दोन्ही पाय जुळवा, मग पुढची. मागून घाईने येणाऱ्यांना बाजूला होऊन जाऊ द्या.